होडीचं इंजिन परत परत एअर घेतंय (डिझेलच्या पाईपात हवा शिरतेय), डिझेल लाईनची एअर काढायची नीट पद्धत कोणी सांगेल का?

दिवाळेकर | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून लिहितोय. आमची होडी आहे, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पंप मायकोचा म्हणजे आताचा बॉश, इनलाइन, त्याच्याच अंगाला फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणारा) आणि हाताने मारायचा प्रायमर. फिल्टर दोन. बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, होडी वर घेतली होती. तेव्हा ऑइल बदललं, दोन्ही फिल्टर नवीन टाकले, टाकी तोंडापर्यंत भरून ठेवली कारण बाबा सांगतात अर्धी टाकी ठेवली की आत पाणी धरतं. नारळी पौर्णिमेच्या आधी धक्क्यावर एक तास इंजिन चालवून बघितलं, एकदम गोड चाललं.

पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला घारापुरीच्या अलीकडे आवाज कमी जास्त व्हायला लागला, रेस दिली तर उचलत नाही, आणि दोन मिनिटांत बंद. नांगर टाकला, एअर काढली, चालू झालं. पंधरा मिनिटं गेली की परत तेच. असं चार वेळा झालं. समोरून न्हावा-शेव्याकडे जाणारी मोठी जहाजं, होडीत बाबा आणि मेव्हणा, मला खरंच घाम फुटला. शेवटी गावातल्याच दुसऱ्या होडीने ओढून आणलं.

मी फिल्टरच्या वरचा स्क्रू सोडून प्रायमर मारतो, फेस जाऊन साफ डिझेल आलं की बंद करतो, मग चालू होतं. माझं काही चुकतंय का? आणि एअर परत परत येतेय कुठून?

---

ऐरोलीचा_फिटर | सोमवार, रात्री १०:५०

भाऊ आधी फिल्टरवरच संशय घे, नवीन टाकलेस ना. नवीन फिल्टरबरोबर रबरी रिंग येते, जुनी रिंग वरच्या टोपीत चिकटून राहते आणि माणूस नवीन तिच्यावरच बसवतो. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हाताला घट्ट वाटतं पण हवा आत येते. उघडून बघ.

---

जुना_इंजिनमन | सोमवार, रात्री ११:३०

दिवाळेकर, मी तीस वर्षं लाँचवर आणि मचव्यावर इंजिनाशी काढली आहेत, आता नेरूळला घरी असतो. तुम्ही एअर काढता ती अर्धीच काढता. पूर्ण सांगतो, सावकाश वाचा.

पहिलं हे समजून घ्या की एवढीशी हवा एवढ्या मोठ्या इंजिनाला का थांबवते. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड, उघडायला चौरस सेंटीमीटरला साधारण २०० किलोचं प्रेशर लागतं. डिझेल दाबलं जात नाही म्हणून पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) वर आला की तो दाब सरळ नोझलपर्यंत जातो. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर प्लंजर फक्त त्या बुडबुड्याला दाबतो आणि सोडतो, नोझल काही उघडत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन फिरतं, पण आग नाही. अशा वेळी धुराड्याकडे एका माणसाला उभं करा. स्टार्टर मारताना पांढरा धूर आला तर डिझेल आत पोचतंय, दुखणं दुसरं आहे. काहीच धूर नसेल तर डिझेल पोचतच नाही.

आता क्रम. नेहमी टाकीकडून इंजिनाकडे जायचं, उलट कधीच नाही. टाकीत डिझेल किती ते काठी घालून बघा, कॉक उघडा आहे का बघा. फीड पंपाला खाली वाटी असेल तर ती काढून आतली जाळी धुवा. मग प्रायमरची मूठ फिरवून सैल करा. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू एक आटा सोडा, खाली कॉटन वेस्ट आणि डबा धरा, प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग फुसफुस, मग सलग डिझेल. सलग आलं तरी अजून दहा-पंधरा वेळा मारा कारण कोपऱ्यात बसलेला बुडबुडा उशिरा निघतो. आणि स्क्रू बंद करायचा तो डिझेल वाहत असताना, प्रायमर मारता मारता. हात थांबवून मग आवळलात तर तेवढ्यात हवा परत आत जाते. मग दुसरा फिल्टर तसाच. मग इंजेक्शन पंपाच्या अंगावरचा स्क्रू. हा तुम्ही सोडतच नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

शेवटी नोझलच्या पाईपांचे नट, तेही नोझलच्या बाजूचे. एकेक आटा सैल करा, स्टॉप लिव्हर चालूच्या जागी, ॲक्सिलेटर फुल, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. नटातून थुंकल्यासारखं डिझेल उडायला लागलं की आवळा. एक नट आवळला की बहुतेक इंजिन एका सिलिंडरवर धडधडायला लागतं, मग दुसरा आवळा.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदाच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. बॅटरी उतरली तर समुद्रात ती कुठून आणणार.

आणि सगळं झालं की प्रायमरची मूठ परत खाली दाबून घट्ट फिरवायची. ती सैल राहिली तर तिथूनच हवा ओढते. मी नव्या पोरांना नेहमी आधी हेच विचारतो.

---

दिवाळेकर | मंगळवार, सकाळी ६:४०

काका खूप खूप आभार. मूठ घट्ट करतो मी, ते बाबांनी शिकवलंय. पण पंपाचा स्क्रू खरंच सोडत नव्हतो. आज ओहोटी दुपारी आहे, तेव्हा सगळं करून सांगतो. ऐरोलीवाल्या भावा, रिंग पण बघतो.

---

ठाणेकर_डेकवरून | मंगळवार, सकाळी ९:०५

इंजिनमन काकांनी एकदम बरोबर सांगितलंय. मी राहतो ठाण्यात कोलशेतला पण काम गेटवेच्या बाजूला यॉटवर असतं. ज्यांच्या बोटीला ओला एक्झॉस्ट आहे, म्हणजे समुद्राचं पाणी धुराबरोबर बाहेर पडतं, त्यांच्यासाठी एक फार महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवतो, दिवाळेकरच्या होडीला कदाचित लागू नाही.

एअर काढताना स्टार्टर मारत बसलं की इंजिन चालू नसलं तरी पाण्याचा पंप फिरत असतो. तो पाणी आत ढकलतो आणि ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सरचा डबा भरतो, मग पाणी मागे सिलिंडरमध्ये शिरतं. पाणीही दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना त्याला आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जास्त वेळ स्टार्टर मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवायचा आणि इंजिन पेटलं रे पेटलं की ताबडतोब उघडायचा, नाहीतर पंपाचं रबरी इंपेलर कोरडं फिरून जळतं. आमच्याकडे कॉक बंद केला की किल्ली त्या कॉकलाच अडकवायची असा नियम आहे, म्हणजे कोणी विसरत नाही.

---

चिंबोरी_खाडीतली | मंगळवार, सकाळी ११:२०

मी सारसोळ्याची. आमच्या घरच्या होडीलाही मागे असंच झालं होतं म्हणून विचारते, तुमची होडी ओहोटीला चिखलात बसते का? आमची एका कुशीवर कलते, टाकीत डिझेल कमी असलं की सक्शनचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा, पाईप उघडा पडतो आणि तशात कोणी इंजिन चालू केलं की घटकाभरात हवा. खाडीत गाळ इतका वाढलाय की पूर्वी जिथे पाणी असायचं तिथे आता होडी बसते. आम्ही तेव्हापासून भरती येऊन होडी सरळ झाल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही.

---

दिवाळेकर | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

ताई, आमचीही बसते चिखलात पण बंद पडलं ते भर पाण्यात, होडी सरळ होती. तरी ध्यानात ठेवतो.

आजचं सांगतो. फिल्टर उघडले, रिंग एकच होती, नीट होती. बँजो बोल्टाचे (डिझेलचा पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर सगळे नवीन टाकले, एपीएमसीच्या ट्रक टर्मिनलजवळ मिळाले. होज क्लिपा आवळल्या. काकांच्या पद्धतीने पंपापर्यंत आणि नोझलपर्यंत एअर काढली आणि खरंच सांगतो इंजिनाचा आवाजच बदलला, पहिल्या सेल्फला पेटलं. टाकीत वीस लिटर टाकलं. अर्धा तास चाललं, काही नाही. उद्या जाळं घेऊन जातोय.

---

ऐरोलीचा_फिटर | मंगळवार, रात्री ८:३०

मस्त. वॉशर घाईच्या वेळी नवीन नाही मिळाले तर जुनाच लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा, तांबं परत मऊ होतं आणि बसतं. पण हे घरी करायचं, होडीत डिझेलच्या शेजारी ज्योत नको. आणि प्लंबरची पांढरी टेप कोणी सांगितली तर ऐकू नका, तिचे तुकडे सुटून थेट नोझलच्या भोकात जाऊन बसतात.

---

दिवाळेकर | बुधवार, रात्री ९:२०

परत बंद पडलं.

जाताना तासभर नीट, जाळं टाकलं, कोळंबी आणि दोन बोयी मिळाल्या, परत येताना सुरू झालं आवाज कमी जास्त व्हायला. या वेळी मी थांबायच्या आधीच रेस कमी करून कसंबसं धक्क्यापर्यंत आणलं. बाबा म्हणतात डिझेलच खराब आहे. बाटलीत काढून ठेवलंय, खाली पाणी नाही, स्वच्छ आहे. टाकीचं झाकण उघडलं तर हवा आत ओढल्याचा आवाजही नाही, म्हणजे टाकीचा व्हेंट (आत हवा घेणारं भोक) बंद नाही ना? कुठूनच डिझेल गळत नाही, सगळं कोरडं. आता काय करू? रोजचा डिझेलचा खर्च आणि खलाशाचा पगार डोक्यावर आहे, अशी फेरी वाया जाते तेव्हा फार त्रास होतो.

---

जुना_इंजिनमन | बुधवार, रात्री १०:१०

धीर धरा. तुम्ही सगळं नीट बघताय, उत्तर जवळच आहे.

गळत नाही म्हणून सगळं ठीक असं समजू नका. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे भेग असेल तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते. तिथे सुईएवढं भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि बाहेरून सगळं कोरडं. परत परत एअर येते तेव्हा दहातल्या नऊ वेळा दुखणं याच भागात असतं.

व्हेंट बंद असता तर झाकण उघडताच सुस्कारा आला असता आणि इंजिन लगेच सुधारलं असतं, ते नाही. फिल्टर दोन्ही नवीन आहेत, तुंबण्याचा संशय कमी. तुमची हवाच आहे.

आता मला एक सांगा. पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा टाकीत किती डिझेल होतं? आणि आज किती आहे? काठी घालून बघून सांगा, अंदाजाने नको.

---

दिवाळेकर | बुधवार, रात्री १०:४५

काका आत्ता जाऊन बघून आलो. आज अर्ध्याच्या किंचित खाली. आणि पहिल्यांदा बंद पडलं तेव्हाही साधारण अर्धीच होती कारण त्या दिवशी परत आल्यावर मीच मोजलं होतं. बंदीत तर पूर्ण भरलेली होती.

अरे. भरलेली असताना नीट चालतंय आणि अर्धी झाली की बंद पडतंय?

---

जुना_इंजिनमन | बुधवार, रात्री १०:५८

तेच. काल वीस लिटर टाकलंत तेव्हा नीट चाललं, ते खर्च झालं की परत तेच. उद्या टाकीतला सक्शन पाईप बाहेर काढा. पण त्याआधी खात्री करायला कॅनची परीक्षा करा. वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात नवीन होज टाकून ती सरळ फीड पंपाला जोडा. रिटर्नचा पाईपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅनमधलं डिझेल टाकीत जाईल. कॅन इंजिनापेक्षा उंच ठेवा. उंच ठेवल्याने ओढीच्या जागी दाब येतो, म्हणजे फीड पंपाच्या जोडात भोक असेल तर तिथून डिझेल ठिबकायला लागेल आणि दिसेल. एअर काढा आणि दोन तास चालवा, धक्क्याला बांधूनच. नीट चाललं तर इंजिन, पंप, फिल्टर सगळे निर्दोष.

---

ठाणेकर_डेकवरून | गुरुवार, सकाळी ८:१५

ती होज पारदर्शक घेतलीस तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. फक्त परीक्षेपुरतीच, कायमची ठेवू नकोस, इंजिनाच्या गरमीने असली प्लास्टिकची होज कडक होऊन तडकते.

---

नवीन_बोटवाला | गुरुवार, सकाळी १०:३०

धागा खूप उपयोगी आहे. माझ्या पार्टनरशिपच्या बोटीला नवीन कॉमन रेल इंजिन आहे (सगळ्या नोझलना एकाच सामाईक पाईपातून जबर दाबाचं डिझेल मिळतं ते), त्यातही नोझलचे नट असेच सोडायचे का?

---

ऐरोलीचा_फिटर | गुरुवार, सकाळी १०:४२

अजिबात नाही!! कॉमन रेलला हजार किलोच्या वर प्रेशर असतं. तिथे फिल्टरपर्यंतच एअर काढायची, पुढचं इंजिन स्वतः करतं, नाही केलं तर कंपनीचा माणूस बोलवायचा. आणि साध्या पंपाच्या इंजिनातही सैल नटासमोर बोट किंवा तळहात धरू नका. ती धार कातडीत शिरते. बाहेरून फक्त सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही सुरुवातीला, पण आत डिझेल पसरून हात सडतो. असं झालं तर चुना-हळद लावत बसू नका, त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरला सांगा की प्रेशरने डिझेल आत गेलंय.

---

चिंबोरी_खाडीतली | गुरुवार, दुपारी १:०५

आणि काढलेलं डिझेल होडीच्या तळात सोडू नका गं बाबांनो. ते उपसताना खाडीतच जातं. आपल्याच निवट्या आणि चिंबोऱ्या आहेत त्या चिखलात. डब्यात धरा, वेस्टला टिपा आणि घरी आणा.

---

दिवाळेकर | गुरुवार, रात्री ९:३०

मंडळी सापडलं!!

कॅन कॅबिनच्या टपावर बांधला, काकांनी सांगितलं तसं रिटर्न पण त्यातच. पारदर्शक होजमध्ये पहिले दोन मिनिटं बारीक बुडबुडे दिसले मग एकदम स्वच्छ. दोन तास वीस मिनिटं चाललं, मधून मधून रेस दिली, गियर टाकून दोरीवर ओढूनही बघितलं, एकदाही हललं नाही. जोड सगळे कोरडे. बाबा शेजारी बसून फक्त ऐकत होते, काही बोलले नाहीत, पण मला कळलं.

मग टाकीचा सक्शन पाईप काढला. लोखंडी आहे, बाबांनी होडी बांधली तेव्हाचा. वरून नुसता गंजलेला दिसला. खालचं टोक अंगठ्याने बंद करून बादलीत बुडवला आणि वरून फुंकलं तर मधोमध बुडबुड्यांची रांग. घासून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं, बरोबर टाकीच्या अर्ध्यावर जिथे डिझेलची पातळी वर्षभर खालीवर होते तिथेच. टाकी भरलेली असली की भोकं डिझेलखाली, काही कळत नाही. पातळी खाली गेली की डिझेलबरोबर थोडी थोडी हवा ओढतोय आणि ती फिल्टरच्या वरच्या भागात साठत जातेय, म्हणून लगेच नाही तर पंधरा मिनिटांनी बंद पडायचं.

काका तुम्ही काठी घालून मोजायला सांगितलं नसतं तर मी अजून महिनाभर वॉशरच बदलत बसलो असतो. आता नवीन पाईप कशाचा करू? इथला वेल्डर म्हणतो जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पडलाय त्याच्याकडे, लगेच करून देतो.

---

जुना_इंजिनमन | गुरुवार, रात्री ९:५०

फार बरं वाटलं वाचून. बाबांना माझा नमस्कार सांगा.

जीआय नको. आतलं जस्त डिझेलशी लागून त्याचा चिकट गाळ होतो आणि तो फिल्टर आणि नोझल खराब करतो. स्टेनलेसचा करा, थोडा महाग पडेल पण तुमच्या मुलाच्या वेळीपर्यंत टिकेल. खालचं टोक तळाला टेकवू नका, दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवा म्हणजे तळाचं पाणी आणि गाळ ओढला जाणार नाही. टोक तिरकं कापा. आणि टाकी उघडलीच आहे तर हात घालून तळ पुसून घ्या, एवढ्या वर्षांचा गंज खाली पडलेला असणार, तो नवीन पाईपात जाईल.

---

दिवाळेकर | शनिवार, दुपारी ४:१०

स्टेनलेसचा पाईप बसवला. टाकीच्या तळातून दोन मुठी गंज आणि काळा चिकट गाळ निघाला. मुद्दाम पाव टाकीवर तीन तास चालवलं, नोझलपर्यंत एअर एकदाच काढली, परत गरज नाही पडली.

होडीत एका डब्यात आता कायमचं ठेवलंय: दोन्ही फिल्टर, रबरी रिंगा, तांब्याचे वॉशर सगळ्या मापाचे, दोन हात होज, चार क्लिपा, एअर स्क्रूचा आणि नोझल नटाचा पाना, वेस्ट. पाने दोरीने डब्याला बांधलेत, हातातून पाण्यात पडू नयेत म्हणून. मेव्हण्याला आज पूर्ण क्रम दोनदा त्याच्या हाताने करायला लावला, मी नसलो तर त्याला यायला पाहिजे.

रात्रीच्या भरतीला निघतोय.

---

चिंबोरी_खाडीतली | शनिवार, दुपारी ४:२५

सांभाळून जा दादा. आल्यावर कळवा.